जहाजावरचा दवाखाना आणि आजारी मूल

2021 साली मुंबई बंदरातून गोवा, कोची आणि लक्षद्वीप या मार्गांवर क्रूझच्या सफरी सुटू लागल्यापासून, आणि सिंगापूरहून निघणाऱ्या जहाजांची तिकिटे आपल्याकडील प्रवासी कंपन्यांच्या कचेऱ्यांत सर्रास मिळू लागल्यापासून, मुलाबाळांसह समुद्रावर सुटी घालविणारा एक नवा उतारू मराठी मध्यमवर्गात निर्माण झाला आहे. कोकणबोटीच्या डेकवर पथारी पसरणाऱ्या जुन्या पिढीला समुद्राची धास्ती होती, आणि लिंबू व आल्याची पुरचुंडी कनवटीला बांधून निघण्याइतका शहाणपणाही होता. नव्या उतारूला मात्र जलतरण तलाव, नाट्यगृह आणि अहोरात्र उघडी असलेली भोजनगृहे पाहून आपण जमिनीवर नाही याचाच विसर पडतो. हा विसर मध्यरात्री मुलाच्या अंगात ताप भरला म्हणजे संपतो, आणि त्या घटकेला आईबाप ज्या समजुतींवर विसंबून धावाधाव करतात त्यांतील पुष्कळशा समजुती निराधार असतात.

पहिला गैरसमज दुहेरी आहे. जहाजावर वैद्यकीय मदत म्हणजे मलमपट्टीची एक पेटी, असे काही जण धरून चालतात. तर हजारो माणसांना पोटात घेऊन जाणाऱ्या या तरंगत्या शहरात सुसज्ज इस्पितळ असणारच, असे दुसरे काही मानतात. सागरी श्रमविषयक 2006 च्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे, 100 किंवा अधिक माणसे घेऊन तीन दिवसांहून अधिक काळाच्या आंतरराष्ट्रीय सफरी नेहमी करणाऱ्या जहाजावर अर्हताप्राप्त डॉक्टर असणे बंधनकारक आहे. तथापि ही तरतूद मुळात खलाशांच्या हितासाठी आहे, उतारूंच्या नव्हे. आणि मुंबई-गोव्याची एका रात्रीची सफर तिच्या व्याख्येत बसतच नाही. म्हणून अशा सफरीवर डॉक्टर आहे की नाही, ही चौकशी तिकीट काढण्यापूर्वीच करावी. जहाज सुटल्यावर त्या कलमाचा हवाला देण्यात अर्थ नाही.

मोठ्या जहाजांवरील दवाखान्यांसाठी अमेरिकन कॉलेज ऑफ इमर्जन्सी फिजिशियन्स या संस्थेने काही मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आहेत. उतारू व नोकरवर्ग मिळून दर हजार माणसांमागे निदान एक खाट, आणि संबंध जहाजावर अतिदक्षतेची एक खोली, एवढीच त्यांतील किमान अपेक्षा आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या दवाखान्याचे खरे स्वरूप कळते. तेथे रक्ताच्या मोजक्या तपासण्या होतात, बहुतेक ठिकाणी क्ष-किरण यंत्र असते, शिरेतून सलाईन देता येते, श्वासोच्छ्वासास आधार देता येतो. परंतु अपेंडिक्सची शस्त्रक्रिया करण्याची सोय तेथे असेल अशी अपेक्षा बाळगू नये, आणि बालरोगतज्ज्ञाची तर नाहीच. डॉक्टर बहुधा आपत्कालीन किंवा सर्वसाधारण वैद्यकातला असतो. रुग्णाची प्रकृती आणखी ढासळू न देता त्याला किनाऱ्यापर्यंत पोहोचविणे हे त्याचे मुख्य काम होय, आणि ते काम तो सहसा चोख करतो. कंपन्यांना ही मर्यादा पुरती ठाऊक आहे. म्हणूनच बहुतेक मोठ्या कंपन्या सहा महिन्यांखालील अर्भकाला जहाजावर घेत नाहीत, आणि सलग अनेक दिवस किनारा न लागणाऱ्या सफरींवर हीच वयोमर्यादा बारा महिन्यांवर नेतात.

मात्र जहाजावरचा डॉक्टर अगदी एकाकी असतो, असेही नाही. रोम येथे 1935 साली स्थापन झालेले आंतरराष्ट्रीय रेडिओ वैद्यक केंद्र, ज्याचे पहिले अध्यक्ष साक्षात गुलिएल्मो मार्कोनी होते, कोणत्याही राष्ट्राच्या जहाजाला वैद्यकीय सल्ला विनामूल्य देत आले आहे. आणि आता उपग्रहाच्या साहाय्याने किनाऱ्यावरील तज्ज्ञाशी मसलत करणे ही नित्याची बाब झाली आहे. डॉक्टरने ‘किनाऱ्यावर विचारून सांगतो’ म्हटले तर त्याला काही येत नाही असा अर्थ काढणाऱ्या पालकांची मला मौज वाटते. न विचारणाऱ्याचेच खरे भय बाळगावे.

आता उलटीविषयी, कारण जहाजावर मुलांच्या बाबतीत नेहमी उद्भवणारी तक्रार ही. मूल ओकू लागले की ‘बोट लागली’ असे निदान घरातली वडीलधारी मंडळी तत्क्षणी करतात, आणि पर्समधली ॲव्होमिनची गोळी अर्धी करून देतात. येथे दोन चुका एकत्र होतात. एक तर दोन वर्षांखालील मुलांना बोट क्वचितच लागते. हा त्रास मुख्यत्वे दोन ते बारा या वयातला आहे. तेव्हा दीड वर्षाचे मूल उलट्या करीत असेल तर समुद्राला दोष देण्यापूर्वी जंतुसंसर्गाचा संशय घ्यावा. दुसरे असे की, त्या गोळीतले औषध प्रोमेथाझिन वर्गातले असून, त्याने श्वसन मंदावण्याचा धोका असल्यामुळे दोन वर्षांखालील मुलांना ते देऊ नये, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2004 सालीच वेष्टनावर छापावयास लावला आहे. मोठ्यांनी कानामागे चिकटवावयाची जी पट्टी मिळते तीही मुलांसाठी नव्हे. मोठ्या मुलाला खरोखरच बोट लागत असेल तर कोणते औषध, किती, हे निघण्यापूर्वी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे लिहून घ्यावे.

उलटीला जुलाबाची जोड मिळाली म्हणजे नोरोव्हायरसचा विचार प्रथम करावा लागतो. हा विषाणू जहाजातच जन्मतो अशी एक समजूत आहे. वस्तुतः तो प्रथम ओळखला गेला तो अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या नॉरवॉक गावी 1968 साली एका शाळेत पसरलेल्या साथीमुळे, आणि शाळा, वृद्धाश्रम, इस्पितळे येथे तो आजही मुक्काम ठोकून असतो. जहाजांचे नाव अधिक गाजते याचे एक कारण असे की, परदेशी बंदरातून अमेरिकेस येणाऱ्या प्रवासी जहाजांना अशा आजाराची रीतसर नोंद ठेवून कळवावी लागते: उतारूंपैकी किंवा नोकरवर्गापैकी 2 टक्क्यांना त्रास झाला की वर्दी, आणि 3 टक्के झाले की साथ जाहीर. जमिनीवरील उपाहारगृहाला असा हिशेब कोणी मागत नाही. भोजनगृहाच्या दाराशी ठेवलेल्या अल्कोहोलयुक्त द्रवाने हात ओले केले की काम भागले, हा समजही टाकून द्यावयास हवा, कारण या विषाणूवर ते द्रव फारसे चालत नाही. साबण आणि वाहते पाणी हाच खरा उपाय.

मुलाला पाणी पाजले की उलटते, म्हणून पाणीच तोडावयाचे, हा प्रकार तर घातक आहे. 1971 साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाईन संपत आल्यावर साखरमिठाचे प्रमाणबद्ध पाणी तोंडावाटे देण्याचा निर्णय घेतला, आणि जेथे सुमारे 30 टक्के रुग्ण दगावत होते तेथे हे प्रमाण 4 टक्क्यांच्या खाली आले. त्या पाण्याची पुडी आज औषधांच्या कोणत्याही दुकानात काही रुपयांत मिळते. अशा दहा-बारा पुड्या बरोबर असाव्यात. मोठी पुडी एक लिटर पाण्यातच विरघळवावयाची असते, पेलाभर पाण्यात अंदाजाने अर्धी टाकून नव्हे. लहान पुडीवर जे प्रमाण छापलेले असेल ते पाळावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून दर मिनिटा-दोन मिनिटांनी एकेक चमचा द्यावा. फळांच्या रसाने वा शीतपेयाने ही उणीव भरून निघत नाही, उलट जुलाब वाढतात. आणि मूल सुस्तावले, सहा-आठ तास लघवी झाली नाही, रडताना अश्रू येईनासे झाले, डोळे खोल गेले, उलटीत हिरवा रंग दिसला किंवा शौचात रक्त दिसले, तर खर्चाचा विचार बाजूस सारून दवाखाना गाठावा.

असा आजार लपविणे मात्र आपल्याकडे चातुर्याचे लक्षण समजले जाते. चढताना भरून द्यावयाच्या प्रकृतीच्या पत्रकात ‘काही नाही’ लिहावयाचे, आणि जहाजावर डॉक्टरांना कळविले तर सगळ्या कुटुंबाला कोंडून ठेवतील म्हणून गप्प बसावयाचे. विलगीकरण होते हे खरे. पण ते बहुधा आपल्याच केबिनमध्ये, लक्षणे थांबल्यावर निदान 24 तासांपर्यंत, आणि जेवणखाण दारात येते. उलट न सांगता त्या मुलाला बालक्रीडागृहात धाडणारा बाप तेथल्या सगळ्या मुलांची सुटी नासवितो.

हेलिकॉप्टरसंबंधीची कल्पना चित्रपटांतून आलेली आहे. कप्तानाने हुकूम केला की आकाशातून मदत उतरते, असे होत नाही. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या जेहॉक हेलिकॉप्टरची झेपही किनाऱ्यापासून सुमारे 300 सागरी मैलांपर्यंतच आहे. त्यातून रात्र, वारा, डेकवरील अडथळे, दोरावरून रुग्णाला वर खेचण्यातला धोका आणि आईबापांपैकी कोणाला सोबत घेता येईल की नाही ही अनिश्चितता. म्हणून जहाजाचा वेग वाढविणे किंवा मार्ग बदलून जवळचे बंदर गाठणे, हाच पर्याय डॉक्टर, कप्तान आणि किनाऱ्यावरील समन्वय केंद्र पुष्कळदा पसंत करतात. आपल्या किनाऱ्यावर हे काम भारतीय तटरक्षक दलाकडे असून त्यांचे एक समन्वय केंद्र मुंबईतच आहे. लक्षद्वीपच्या सफरीत तर हे विशेष लक्षात ठेवावे की, तेथील गंभीर रुग्णांनाही हेलिकॉप्टरने कोचीस हलवावे लागते.

राहिला खर्च. तिकिटात भोजन, करमणूक, निवास सारे आले म्हणून औषधोपचारही आले, असे नाही. साध्या तपासणीचे शुल्क आंतरराष्ट्रीय जहाजावर शंभर डॉलरच्या पुढे गेले तर नवल मानू नये, आणि ते थेट केबिनच्या हिशेबात पडते. आपली घरगुती आरोग्य विमापत्रे सामान्यतः देशाच्या सीमेपाशी थांबतात. म्हणून मुलाच्या नावासह काढलेला प्रवास विमा हवा, आणि त्यात समुद्रावरील उपचार व विमानाने रुग्ण हलविणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे का, हे वाचून पाहावे, कारण मोठा खर्च तेथे होतो. डॉक्टरच्या चुकीबद्दल कंपनीस जबाबदार धरता येत नाही, हे तत्त्व अमेरिकेत दीर्घकाळ रूढ होते. 2014 साली तेथील अकराव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने ते अमान्य केले, तरी तिकिटामागच्या बारीक अक्षरांतील अटी अजून वाचनीय आहेत.

मुलाचे अलीकडचे वजन, लसीकरणाचा दाखला, वावडे असलेल्या औषधांची नावे आणि चालू औषधांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत असावीत. मोठे सामान पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत केबिनमध्ये पोहोचेलच असे नाही. मधल्या बंदरात मुलाला उतरवावे लागले तर एक पालक त्याच्याबरोबर उतरणार, तेव्हा त्या देशाचा व्हिसा आणि पासपोर्ट कोणाच्या ताब्यात आहेत याची खातरजमा आधीच केलेली बरी. आणि उतरण्यापूर्वी दवाखान्यातून तपशीलवार बिल, तपासण्यांचे निकाल व डॉक्टरांच्या सहीचा उपचारवृत्तान्त मागून घ्यावा. जहाज एकदा पुढच्या बंदराला निघून गेले म्हणजे विमा कंपनीने मागितलेला एखादा कागद मिळविण्यास पत्रव्यवहाराचे महिने लागतात.