एकाच क्लबाचा खेळाडू

इंग्लंडच्या उत्तर भागात यॉर्कशर व लँकशर हे दोन परगणे आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा सारा मुलूख कोळशाच्या खाणी, कापडाच्या गिरण्या आणि लोखंडाचे कारखाने यांनी गजबजून गेला होता. गिरणीच्या भोंग्यावर ज्यांचा दिवस उगवे आणि मावळे, त्या कामकरी लोकांचा आवडता खेळ म्हणजे रग्बी. लंबगोल चेंडू हाती घेऊन धावायचे, प्रतिपक्षाने अंगाला विळखा घालून धावणाऱ्याला पाडायचे, आणि त्यातूनही कोणी निसटला तर त्याने मैदानाच्या टोकाची रेषा ओलांडून चेंडू जमिनीला टेकवायचा, असा हा दांडगा खेळ आहे. हुतूतूमध्ये जो एकदा तरी चांगला पकडला गेला असेल, त्याला या खेळातील पकडीची थोडीफार कल्पना येईल; मात्र येथे पकडला जाणारा गडी भरधाव धावत आलेला असतो.

सामने शनिवारी होत, आणि शनिवारीही कारखान्यात काम असे. सामन्याला जायचे म्हणजे तेवढ्या वेळेची मजुरी बुडवायची. सुखवस्तू घरच्या खेळाडूला याची झळ लागत नसे. खाणीत राबणाऱ्याच्या चुलीपर्यंत मात्र ती पोचे. बुडालेली मजुरी तरी खेळाडूला भरून द्यावी, असे उत्तरेकडील क्लबांनी मागितले. खेळाचा कारभार पाहणाऱ्या मंडळाने ते मानले नाही. खेळ केवळ हौसेने खेळावा, त्याला पैशाचा स्पर्श होऊ नये, असे मंडळाचे म्हणणे होते. हे तत्त्व ऐकण्यास उदात्त वाटते. परंतु ज्यांना ते पाळणे परवडत होते त्यांनीच ते सांगितले होते, हे विसरून चालणार नाही. अखेर 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडील क्लबांचे प्रतिनिधी जमले व त्यांनी आपली निराळी संघटना स्थापन केली. कामाचा खाडा झाल्यास खेळाडूला दिवसाला सहा शिलिंगांपर्यंत भरपाई मिळू लागली. पुढे नियमही बदलले. 1906 साली प्रत्येक बाजूचे गडी 15 वरून 13 वर आले, आणि या नव्या खेळाला कालांतराने ‘रग्बी लीग’ हे नाव मिळाले.

ज्या खेळाचा जन्मच मजुरीच्या प्रश्नातून झाला, त्या खेळातील खेळाडू जो अधिक दाम देईल त्याच्याकडे जाईल, अशी कोणाचीही समजूत व्हावी. तसे जाणारे पुष्कळ होते. पण याच खेळात एका क्लबासाठी आपली उमेद खर्च करणारी माणसेही निपजली.

जिम सलिव्हन हा वेल्समधील कार्डिफ शहरचा. 1921 साली, वयाच्या सतराव्या वर्षी, तो लँकशरमधील विगन या खाणी व गिरण्यांच्या गावी आला. हे येणे साधे नव्हते. त्या काळी जो कोणी पैसे घेऊन लीग खेळे, त्याला जुन्या रग्बीचे दार कायमचे बंद होई. मायदेशाच्या संघातून तो खेळ खेळण्याची आशा त्याने सोडूनच द्यावी लागे. सलिव्हनने ती सोडली. त्यानंतर 1946 सालापर्यंत तो विगनकडून खेळत राहिला. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत त्याने पाहुणा म्हणून इतरत्र काही सामने खेळले, पण त्याचा क्लब एकच होता. विगनसाठी त्याने 774 सामने खेळले. चेंडू लाथाडून गोलाच्या आडव्या दांडीवरून पाठवण्यात त्याचा हातखंडा होता. असे 2,867 गोल त्याच्या नावावर आहेत. इतके गोल त्याच्या आधी कोणी केले नव्हते व नंतरही कोणाला साधले नाहीत.

पंचवीस वर्षे हा खेळ खेळणे म्हणजे काय, याचा थोडा विचार करावा. सामना 80 मिनिटांचा असतो. आजच्या नियमाप्रमाणे चेंडू ज्या बाजूकडे आहे तिला सहा पकडी होईपर्यंत तो राखता येतो. नंतर तो दुसऱ्या बाजूस द्यावा लागतो. त्यामुळे धावणे, आदळणे, उठणे आणि पुन्हा रांगेत उभे राहणे, हा क्रम अखंड चालतो. आघाडीच्या फळीच्या मध्यभागी खेळणाऱ्या ‘हुकर’ या गड्याला एका सामन्यात तीस-चाळीस पकडी कराव्या लागणे नवलाचे नाही. खांदे निखळतात, गुडघ्याचे बंध तुटतात, बोटे मोडतात. पुष्कळांचा खेळ तिशीच्या आसपास संपतो. म्हणून जो दीर्घकाळ टिकतो, त्याच्या अंगी नुसते बळ असून भागत नाही. आघात केव्हा अंगावर घ्यावा आणि केव्हा चुकवावा, कोठे धावण्यापेक्षा योग्य जागी उभे राहिल्याने काम होते, हे त्याला कळावे लागते. सलिव्हनप्रमाणेच कार्डिफचा असलेल्या गस रिझमनला हे कळले होते. 1938 साली तो सॅलफर्ड क्लबाचा कर्णधार असताना त्याच्या संघाने लंडनमधील वेम्बली मैदानावर चॅलेंज चषक जिंकला. महायुद्ध संपल्यावर तो कंबर्लंडच्या किनाऱ्यावरील वर्किंग्टन या कोळसा-लोखंडाच्या गावी गेला, आणि तेथील नव्या क्लबाची जोपासना करू लागला. 1952 साली त्या क्लबाचा कर्णधार म्हणून त्याने तोच चषक त्याच मैदानावर पुन्हा उचलला. त्या वेळी त्याला 41 वर्षे पूर्ण झाली होती.

टिकून राहण्याच्या या कौतुकाला दुसरी बाजूही आहे. हाच खेळ 1908 पासून ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात रुजला. तेथील 1970 सालच्या अंतिम सामन्यात साउथ सिडनीचा कर्णधार जॉन सॅटलर याचा जबडा प्रारंभीच मोडला. तो तसाच शेवटपर्यंत खेळला व त्याचा संघ जिंकला. ही कथा तेथे अजूनही अभिमानाने सांगितली जाते. तिच्यातील धैर्य खरे आहे. परंतु कोणत्याही क्लबाने आपल्या गड्याकडून असे धैर्य अपेक्षिणे योग्य नव्हे. आज डोक्याला मार लागल्याची शंका आली, तरी खेळाडूला मैदानाबाहेर नेऊन वैद्यांकरवी तपासतात. अशा दक्षतेमुळे खेळातील शौर्य कमी होत नाही.

आता एक अवघड गोष्ट. सलिव्हनच्या काळी खेळाडू एका क्लबात राहत, ते सगळेच प्रेमाने राहत होते काय? तसे म्हणता येत नाही. इंग्लंडात आणि ऑस्ट्रेलियातही क्लब आपल्या खेळाडूंची एक यादी करीत. करार संपला तरी, ज्याचे नाव त्या यादीत असे त्याला क्लबाच्या संमतीवाचून दुसरीकडे खेळता येत नसे. दुसऱ्या क्लबाला तो हवा असेल, तर पहिल्या क्लबाला रक्कम मोजावी लागे, आणि ती किती असावी यात खेळाडूचे फारसे चालत नसे. क्लबांचेही एक सांगणे होते. बंधन सैल केले, तर धनाढ्य क्लब चांगले गडी वेचून नेतील व लहान गावांतील क्लब ओस पडतील, असे त्यांना भय वाटे. हे भय अगदीच निराधार नव्हते.

सिडनीतील बालमेन या क्लबाचा डेनिस टटी हा खेळाडू 1967 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संघातूनही खेळला होता. त्याला क्लब सोडावयाचा होता. क्लब त्याला सोडीना. तेव्हा 1969 चा संपूर्ण हंगाम तो मैदानावर उतरलाच नाही. खेळाडूच्या आयुष्यातील हंगाम मोजकेच. त्यांतील भर तारुण्यातील एक त्याने हातचा घालवला. दैवाचा खेळ असा, की त्याच वर्षी बालमेनने साउथ सिडनीला 11 विरुद्ध 2 अशा गुणांनी हरवून अजिंक्यपद मिळवले आणि टटी त्या विजयात नव्हता. त्याने न्यायालयात दाद मागितली होती. डिसेंबर 1971 मध्ये त्या देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने निर्णय दिला. क्लबांना आपले संघ सुस्थितीत ठेवण्याचा हक्क आहे, परंतु त्यासाठी माणसाच्या उपजीविकेवर इतके कठोर बंधन घालता येणार नाही, असे न्यायमूर्तींनी ठरवले. टटी पुढे पेनरिथ या क्लबाकडून खेळला. त्याने क्लब सोडला खरा, परंतु त्याच्यामुळेच पुढील पिढीच्या क्लबात राहण्याला मोल आले. ज्याला दार उघडे आहे तोच घरी राहिला असे म्हणता येते.

दार उघडे झाल्यावर पैशाचा ओघ वाढला, आणि मग उलटी अडचण उभी राहिली. श्रीमंत क्लबांनी सगळेच उत्तम गडी गोळा करू नयेत म्हणून वेतनमर्यादा ठरवण्यात आली. सिडनीच्या स्पर्धेत ती 1990 मध्ये आली. एका क्लबाने आपल्या सर्व खेळाडूंवर मिळून अमुक इतकाच खर्च करावा, असा हा नियम आहे. त्याचा परिणाम असा, की एखादा संघ घडवून यशस्वी केला की खेळाडूंचे मोल वाढते, आणि सगळ्यांना राखणे क्लबाला अशक्य होते. खेळाडूला राहावयाचे असूनही कधी कधी त्याला निरोप द्यावा लागतो. मेलबर्न स्टॉर्म या क्लबाने गुप्तपणे ही मर्यादा ओलांडली होती. ते 2010 मध्ये उघडकीस आले, तेव्हा 2007 व 2009 ही दोन अजिंक्यपदे त्याच्याकडून काढून घेण्यात आली आणि काही नामांकित गड्यांना क्लब सोडावा लागला. त्या पडत्या काळात हुकरच्या जागी खेळणारा कॅमेरॉन स्मिथ मात्र तेथेच राहिला. कर्णधार म्हणून त्याने 2012 मध्ये क्लबाला पुन्हा अजिंक्यपद मिळवून दिले. 2002 ते 2020 या काळात त्याने 430 सामने खेळले, ते सर्व याच क्लबासाठी. त्याचा अखेरचा सामना म्हणजे 2020 चा अंतिम सामना. तो मेलबर्नने जिंकला, तेव्हा स्मिथ 37 वर्षांचा होता.

इंग्लंडात दहा वर्षे एका क्लबाची सेवा करणाऱ्या खेळाडूसाठी गौरव-सामना भरवण्याची जुनी चाल आहे. त्याचे उत्पन्न खेळाडूला मिळते. यॉर्कशरमधील लीड्स येथे 12 जानेवारी 2020 रोजी जेमी जोन्स-ब्यूकॅनन याचा असा सामना झाला. त्या दिवशी मैदान भरून गेले होते, पण ते केवळ त्याच्यासाठी नव्हे. सामन्याच्या शेवटच्या काही मिनिटांसाठी रॉब बरो हा त्याचा जुना सहकारी मैदानात उतरणार होता.

बरोची उंची अवघी पाच फूट पाच इंच. धिप्पाड गड्यांच्या या खेळात तो टिकणार नाही, असे पुष्कळांना वाटे. तो 2001 पासून 2017 पर्यंत लीड्सकडून 492 सामने खेळला. 1972 पासून लीड्सला अजिंक्यपद मिळाले नव्हते. ते 2004 मध्ये मिळाले, आणि 2017 पर्यंत लीड्सने एकंदर आठ वेळा अंतिम सामना जिंकला. आठही वेळा बरो संघात होता. त्यांपैकी सात वेळा कर्णधार होता केव्हिन सिनफील्ड. हा सोळाव्या वर्षी लीड्सच्या पहिल्या संघात आला आणि 2015 पर्यंत त्या क्लबाकडून 521 सामने खेळला. डिसेंबर 2019 मध्ये बरोला मोटर न्यूरॉन रोग झाल्याचे निदान झाले. या रोगात स्नायूंना हालचालीच्या आज्ञा पोचवणाऱ्या चेतापेशी क्षीण होत जातात. माणसाचे चालणे, बोलणे, गिळणे क्रमाने बंद होते. त्यावर खात्रीचा इलाज नाही.

तोवर सिनफील्डनेही खेळाडू म्हणून मैदान सोडलेले होते. करार, वेतन, कर्णधारपद यांतील काहीही उरले नव्हते. डिसेंबर 2020 मध्ये सात दिवसांत तो सात मॅरेथॉन शर्यतींचे अंतर धावला. या रोगाशी झगडणाऱ्यांसाठी त्यातून वीस लाख पौंडांहून अधिक निधी जमला. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये लेस्टरपासून लीड्सपर्यंतचे 101 मैल त्याने चोवीस तासांत तोडले. 14 मे 2023 रोजी लीड्समध्ये बरोच्या नावाने मॅरेथॉन झाली. बरोला आता बोलताही येत नव्हते. चाकांच्या खुर्चीत त्याला बसवून सिनफील्ड सव्वीस मैल ती खुर्ची ढकलीत धावला. शेवटची रेषा काही पावलांवर आली तेव्हा थांबला, बरोला खुर्चीतून अलगद दोन्ही हातांवर उचलून घेतले, आणि दोघांनी ती रेषा बरोबर ओलांडली.

2 जून 2024 रोजी, वयाच्या 41 व्या वर्षी, रॉब बरो मरण पावला. या रोगाच्या रुग्णांसाठी त्याच्या नावाने लीड्समध्ये जे केंद्र उभारावयाचे ठरले होते, त्याच्या बांधकामाला दुसऱ्याच दिवशी प्रारंभ झाला.