इलेक्ट्रॉनिक्समधलं एम.टेक. : फी कमी म्हणजे स्वस्त का?

आजचा विषय आहे इलेक्ट्रॉनिक्समधलं पदव्युत्तर शिक्षण. परवडेलही आणि दर्जाही चांगला असेल, असा अभ्यासक्रम निवडायचा कसा? समोर शेवटच्या वर्षाची मुलं-मुली आहेत, आणि काहींचे आईवडीलही आलेले दिसतात. ते बरं झालं, कारण हा निर्णय घरच्या पैशांचाही असतो.

पहिला मुद्दा : फी म्हणजे अभ्यासक्रमाची किंमत नव्हे. वहीत तीन रकाने आखा. जाणारे पैसे : फी, राहणं, जेवण, कर्जाचं व्याज. येणारे पैसे : शिष्यवृत्ती. आणि तिसरा रकाना, जो बहुतेक जण आखतच नाहीत, तो म्हणजे बुडणारे पैसे. दोन वर्षं नोकरी केली असती तर मिळाला असता तो पगार. या तिन्हींची गोळाबेरीज म्हणजे खरी किंमत.

आता 'गेट' परीक्षेकडे या नजरेनं बघू. एआयसीटीईची मान्यता असलेल्या संस्थेत गेट पात्र विद्यार्थ्यानं पूर्णवेळ एम.टेक.ला प्रवेश घेतला, तर महिना १२,४०० रुपये शिष्यवृत्ती असते, जास्तीत जास्त २४ महिने. गुणाकार करा : २,९७,६०० रुपये. समजा, एकाच वर्गात दोघं शेजारी बसलेत आणि फी वर्षाला एक लाख आहे. गेटवाल्याची दोन वर्षांची फी भागून ९७,६०० रुपये मेस आणि खोलीसाठी उरतात. गेट नसलेल्याचे दोन लाख घरातून जातात, वर राहण्याचा खर्च वेगळा. कॉलेज तेच, शिक्षक तेच, फरक जवळजवळ तीन लाखांचा!

म्हणून, जे आज तिसऱ्या वर्षात आहेत त्यांनी नीट ऐका. गेट तिसऱ्या वर्षात असतानाही देता येते आणि स्कोअर निकालापासून तीन वर्षं चालतो. एनआयटीचे प्रवेश, म्हणजे आपल्याकडे नागपूरचं व्हीएनआयटी, सीसीएमटीमार्फत होतात. राज्यातल्या बाकी बहुतेक कॉलेजांचे सीईटी सेलमार्फत, आणि तिथेही गेटवाल्यांना प्राधान्य असतं.

आता दर्जा. जाहिरातीत 'नॅक'ची श्रेणी मोठ्या अक्षरात असते. नॅक पाहतं अख्खी संस्था. एकेका अभ्यासक्रमाचं मूल्यांकन करतं ते 'एनबीए'. तेव्हा विचारायचं असं : "तुमच्या याच एम.टेक.ला एनबीए आहे का?" बी.टेक.ला असेल आणि एम.टेक.ला नसेल, असंही असतं.

पण प्रमाणपत्रानं भागत नाही. इलेक्ट्रॉनिक्स हा हातानं शिकायचा विषय आहे. व्हीएलएसआयला जायचं असेल तर विचारा, चिप डिझाइनची व्यावसायिक सॉफ्टवेअर आहेत का, आणि किती विद्यार्थ्यांना एका वेळी वापरता येतात? केंद्र सरकारच्या 'चिप्स टू स्टार्टअप' योजनेत निवडलेल्या संस्थांना ही महागडी साधनं सी-डॅकच्या चिपइन केंद्रामार्फत मिळतात. विद्यार्थ्यांच्या काही डिझाइन्सच्या चिप मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटर तंत्रावर बनवल्याही जातात. तुमचं कॉलेज या योजनेत आहे का, हा एक प्रश्न दहा माहितीपत्रकांपेक्षा जास्त सांगून जातो.

आणखी एक बिनखर्चाची युक्ती. एम.टेक.चं दुसरं वर्ष बहुतांशी प्रबंधाचं असतं. विभागाच्या ग्रंथालयात जा, मागच्या दोन वर्षांचे प्रबंध मागा. सगळे सिम्युलेशनच्या आलेखांवर संपतात, की कुणी बोर्ड बनवून ऑसिलोस्कोपवर मोजमापही घेतलंय? एका मार्गदर्शकाकडे किती मुलं आहेत? अर्ध्या दिवसात विभागाची तब्येत कळते.

आता परदेश. "जर्मनीत शिक्षण फुकट" हे सगळ्यांनी ऐकलंय. ते बरंचसं खरं आहे. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही, सत्राचं किरकोळ शुल्क असतं. पण बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानं २०२४-२५ पासून आपल्यासारख्यांना मास्टर्ससाठी सत्राला ४,००० ते ६,००० युरो लावलेत. शिवाय व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाची सोय दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ब्लॉक खात्यासाठी ही रक्कम ११,९०४ युरो आहे. हे पैसे तुमचेच असतात, महिन्याला ९९२ युरो परत मिळतात. पण आधी एकरकमी उभे करावे लागतात. कर्ज काढून ठेवले असतील तर शिकत असतानाही व्याज चढू शकतं, हे बँकेला विचारून घ्या.

अमेरिकेत एक शब्द नीट वाचायचा : 'इंजिनिअरिंग' आणि 'इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी'. तिथे एबेट या संस्थेत दोन्हींसाठी वेगवेगळे आयोग आहेत. पहिल्यात गणित आणि सिद्धांत जास्त, दुसऱ्यात प्रत्यक्ष वापर. टेक्नॉलॉजीची पदवी कमी दर्जाची असं मुळीच नाही. उत्पादन, चाचणी, स्वयंचलन यांत रस असेल तर ती छान. पण पुढे पीएच.डी. करायची असेल, तर ती पदवी तिथे चालते का, हे प्रवेशाआधी लेखी विचारा. तिथे असिस्टंटशिप मिळाली तर हिशोब पालटतो, पण ती पत्रात लिहिलेली हवी. "पुढच्या सत्रात बघू" हे रकान्यात मांडू नका.

शेवटचं, आणि थोडं कडू. प्रत्येकाला एम.टेक.ची गरज नसते. एम्बेडेडमधलं कौशल्य आणि नोकरी एवढंच हवं असेल, तर सी-डॅकचा साधारण सहा महिन्यांचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. आधी एनपीटीईएलवर त्या विषयाचा एक अभ्यासक्रम पूर्ण करून पाहा. शिकायला पैसे लागत नाहीत. बारा आठवडे टिकलात तर दोन वर्षं टिकाल. संशोधन, अध्यापन किंवा चिप डिझाइनचं खोलातलं काम करायचं असेल, तर एम.टेक. जरूर करा.

आज घरी गेल्यावर आईवडिलांसोबत बसून ते तीन रकाने भरा. रिकामी राहिलेली प्रत्येक जागा म्हणजे कॉलेजला विचारायचा एक प्रश्न. आता तुमचे प्रश्न घेऊ या.