शिकता शिकता कमाई : अमेरिकी विद्यापीठांतील कामाचे दोन दरवाजे

प्रतिनिधी

अमेरिकेत शिकायला निघालेल्या मुलामुलींच्या घरी एक वाक्य हमखास ऐकू येते : 'तिकडे काय, सगळीच मुले काम करून शिकतात.' हे वाक्य खोटे नाही, पण ते अपुरे आहे. तिथल्या विद्यापीठाच्या आवारात विद्यार्थ्याला मिळणारे काम एकाच जातीचे नसते. भोजनगृहात ताटल्या विसळणे, ग्रंथालयात पुस्तके लावणे, वसतिगृहाच्या दाराशी रात्रपाळी करणे हा एक प्रकार. प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत त्याच्या संशोधनाला हातभार लावणे हा दुसरा. पहिल्यातून चार पैसे हाती येतात. दुसऱ्यातून शिफारसपत्र मिळते, क्वचित शोधनिबंधावर नाव लागते आणि पीएच.डी.च्या प्रवेशाची वाट सुकर होते. दोन्ही कामांना लागतो तो वेळ, आणि आठवड्याचे तास गरिबाला आणि श्रीमंताला सारखेच असतात. म्हणून ज्याला पैशाची निकड आहे त्याचे तास भोजनगृहात संपतात, आणि ज्याला ती नाही तो प्रयोगशाळेत जाऊन बसतो. शिकता शिकता कमावण्याच्या या व्यवस्थेतला खरा पेच इथे आहे.

कायद्यामागचा विद्यार्थी

विद्यार्थ्याला काम देऊन शिकवण्याची कल्पना अमेरिकेत जुनी आहे. केंटकी राज्यातील बेरिया कॉलेज 1892 पासून शिकवणी शुल्क घेत नाही. त्याऐवजी तिथला प्रत्येक विद्यार्थी आठवड्याला किमान 10 तास काम करतो. महामंदीच्या काळात, 1935 साली, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारने 'नॅशनल यूथ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन' ही यंत्रणा उभारली आणि शिक्षण सोडण्याच्या बेतात असलेल्या तरुणांना अर्धवेळ कामे दिली. टेक्सास राज्यात या यंत्रणेचा संचालक होता लिंडन जॉन्सन नावाचा एक तरुण. सॅन मार्कोस येथील शिक्षक महाविद्यालयात शिकताना त्याने स्वतः झाडलोट करून आणि प्राचार्यांच्या कार्यालयात निरोप्याचे काम करून शिक्षण पुरे केले होते.

पुढे हेच जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाले. दारिद्र्याविरुद्ध त्यांनी पुकारलेल्या मोहिमेतील 1964 च्या कायद्याने 'वर्क-स्टडी' योजना जन्माला आली. 1965 साली ती उच्च शिक्षण कायद्याखाली आली आणि त्या कायद्यावर जॉन्सन यांनी सही केली ती सॅन मार्कोसच्या आपल्या जुन्या महाविद्यालयात जाऊन. योजना सोपी आहे. गरजू विद्यार्थ्याच्या वेतनाचा मोठा वाटा, सर्वसाधारणपणे 75 टक्क्यांपर्यंत, केंद्र सरकार देते आणि उरलेला महाविद्यालय घालते. महाविद्यालयाला स्वस्तात मनुष्यबळ मिळते, विद्यार्थ्याला वर्गाच्या वेळा सांभाळून करता येईल असे काम मिळते.

परदेशी विद्यार्थ्याला मात्र ही योजना लागू नाही. महाविद्यालये स्वतःच्या पैशातूनही विद्यार्थी नेमतात. ती कामे तेवढी त्याच्यासाठी खुली असतात. नोकरीच्या जाहिरातीत 'फक्त वर्क-स्टडी' असे शब्द असतील तर पुढे वाचण्यात अर्थ नाही, हे आपल्याकडून गेलेल्या मुलांना पहिल्याच महिन्यात कळते.

वीस तासांची लक्ष्मणरेषा

एफ-1 व्हिसावर गेलेल्या विद्यार्थ्याला सत्र सुरू असताना आठवड्याला 20 तासच काम करता येते आणि तेही विद्यापीठाच्या आवारात. अधिकृत सुट्टीत पूर्णवेळ काम चालते. 20 तास ही सर्व कामांची मिळून मर्यादा आहे. ग्रंथालयात 12 आणि प्रयोगशाळेत 10 तास भरले, तर नियम मोडला. 'आवारातले काम' याचीही व्याख्या ठरलेली आहे. आवारात असलेले पुस्तकांचे दुकान किंवा उपाहारगृह खासगी कंपनी चालवत असली, तरी ते विद्यार्थ्यांच्या सेवेसाठी आहे, म्हणून तिथले काम चालते. त्याच आवारात इमारत बांधणाऱ्या कंत्राटदाराकडचे काम चालत नाही. बाहेरच्या दुकानात रोखीने केलेली चोरटी नोकरी उघडकीस आली तर विद्यार्थ्याचा कायदेशीर दर्जा जातो आणि शिक्षण अर्ध्यावर सोडून परतण्याची वेळ येते.

आता हिशेब. अमेरिकेतील केंद्रीय किमान वेतन 2009 पासून तासाला 7.25 डॉलर आहे. अनेक राज्यांनी आपापले दर त्याहून बरेच वर नेले आहेत. समजा तासाला 12 डॉलर मिळाले, तर 20 तासांचे 240 आणि सत्रांच्या 30 आठवड्यांचे 7,200 डॉलर होतात. अनेक खासगी विद्यापीठांचे एका वर्षाचे शुल्क 50 हजार डॉलरच्या पुढे आहे. म्हणजे या कमाईतून किराणा, फोन, बसभाडे, फार तर खोलीच्या भाड्याचा काही भाग निघेल; शुल्क निघणार नाही. 'तिकडे गेल्यावर काम करून फी भरेन' या भरवशावर कर्जाची रक्कम कमी धरणे धोक्याचे आहे. पदवीच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत तर निश्चितच.

दिलासा देणाऱ्या दोन गोष्टी आहेत. एफ-1 विद्यार्थ्याच्या वेतनातून पहिली पाच कॅलेंडर वर्षे सामाजिक सुरक्षा आणि मेडिकेअरचा कर सहसा कापला जात नाही. शिवाय भारत-अमेरिका करारामुळे भारतीय विद्यार्थ्याला विवरणपत्र भरताना प्रमाणित वजावट मिळते, जी इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना मिळत नाही. चुकून कापलेला कर परत मागता येतो; पण तो मागावा लागतो.

भोजनगृहातली शाळा

पहिली नोकरी बहुधा भोजनगृहातच मिळते, कारण तिथे हात नेहमी कमी पडतात. सकाळची पाळी दिवस उजाडण्यापूर्वी सुरू होते. धुणीघरात वाफ, गरम पाणी आणि संपता न संपणाऱ्या ताटल्यांची रांग. घरी स्वतःचे ताटही न उचललेल्या मुलाला हा पहिला धडा असतो. शाकाहारी घरातील मुलीला मांसाच्या उष्ट्या ताटल्या खरवडताना पोटात ढवळते. काही जणी सवय करून घेतात, काही दुसरी जागा मिळेपर्यंत दिवस मोजतात. ग्रंथालयाच्या टेबलावरची रात्रपाळी सर्वांना हवी असते, कारण मध्यरात्रीनंतर फारसे कोणी येत नाही आणि पगारी वेळात अभ्यास उरकतो. वसतिगृहाचा साहाय्यक झालेल्या विद्यार्थ्याला बहुधा खोली आणि जेवण मिळते. त्याबदल्यात रात्री दोन वाजता कोणाला ताप आला, कोणी दारू पिऊन पडला, तर दार उघडावे लागते.

या कामांत शिकण्यासारखे काहीच नाही असे नव्हे. वेळेवर पोहोचणे, पाळी बदलून हवी असेल तर आधी सांगणे, परक्या उच्चारातील इंग्रजी रांगेतल्या गडबडीत समजून घेणे, हे सारे तिथेच अंगवळणी पडते. काम हलके समजले जात नाही, ही गोष्टही आपल्या मुलांना सुखद धक्का देते. पण तीन सत्रांनंतर ताटल्या विसळण्यातून नवे काही मिळत नाही, आणि नेमक्या त्याच वेळी वर्गमित्र प्रयोगशाळेत रुजू झालेले असतात.

प्रयोगशाळेचे दार

पदवीच्या विद्यार्थ्याला संशोधनात घेणे ही पद्धत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटीने 1969 साली संस्थेच्या पातळीवर राबवली. मार्गारेट मॅकव्हिकर यांनी ती उभी केली. तिच्यामागे पोलरॉइडचे संस्थापक एडविन लँड यांचा आग्रह होता. विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासूनच खऱ्या प्रश्नावर काम करावे, हे त्यांचे म्हणणे. तिथे विद्यार्थी त्या कामाचा मोबदला घेऊ शकतो किंवा श्रेयांक घेऊ शकतो. कॅलटेकने 1979 मध्ये उन्हाळी संशोधनवृत्ती सुरू केली. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानचा पदवी विद्यार्थ्यांसाठीचा उन्हाळी संशोधन कार्यक्रम 1987 पासून चालू आहे. 1998 मध्ये बॉयर आयोगाने मोठ्या विद्यापीठांना सुनावले की, तुमचे नामांकित संशोधक आणि तुमचे पदवीचे विद्यार्थी यांची भेटच होत नाही. शिक्षणाचा पाया संशोधन हाच हवा.

बाहेरून जितके दिमाखदार दिसते तितके हे काम सुरुवातीला नसते. पहिले सत्र काचसामान धुण्यात, माशा मोजण्यात, दुसऱ्याने जमवलेल्या आकड्यांतील चुका वेचण्यात जाते. प्रयोग फसतो, का फसला ते मार्गदर्शकालाही लगेच सांगता येत नाही. उत्तर पुस्तकाच्या शेवटी छापलेले असते अशा परीक्षांवर वाढलेल्या मुलांना हा अनुभव हादरवतो. मात्र जे टिकतात त्यांना दुसऱ्या-तिसऱ्या सत्रात स्वतःचा छोटा प्रश्न मिळतो, आणि तेव्हापासून काम आवडू लागते.

हे काम जाहिरातीपेक्षा विचारण्याने मिळते. प्राध्यापकाचा एखादा शोधनिबंध वाचून, त्यातले नेमके काय आवडले आणि आठवड्याला किती तास देता येतील हे पाच-सहा ओळींत लिहिलेले पत्र उपयोगी पडते. शंभर जणांना पाठवलेले एकच पत्र सहसा उत्तरावाचून राहते. प्राध्यापक आठवड्याला आठ-दहा तास आणि किमान दोन सत्रांची तयारी अपेक्षितात, कारण शिकवण्यात त्यांचाही वेळ जातो.

इथेही परदेशी विद्यार्थ्याला एक दार बंद आहे. राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या या उन्हाळी कार्यक्रमाचे पैसे अमेरिकी नागरिक आणि कायम रहिवाशांनाच मिळतात. विद्यापीठाचा स्वतःचा निधी किंवा प्राध्यापकाचे अन्य अनुदान हाच त्याचा आधार. त्यातच 2025 मध्ये केंद्र सरकारने संशोधन अनुदानांना कात्री लावली आणि काही उन्हाळी कार्यक्रम रद्द झाले.

तासांची वाटणी

मोबदल्याशिवाय संशोधन करायला तयार असलेला विद्यार्थी प्राध्यापकाला केव्हाही सोयीचा. पण बिनपगारी आठ तास देणे ज्याला परवडते तोच ते देतो. गुणवत्तेची चाळण लागण्याआधी पैशाची चाळण लागते, आणि तिची नोंद कुठेही होत नाही. वर्षाअखेर दोघांचे अर्ज शेजारी ठेवले की एकाच्या अर्जात 'संशोधनाचा अनुभव' दिसतो, दुसऱ्याच्या अर्जात 'भोजनगृह'. हुशारीतला फरक असा त्याचा अर्थ लावला जातो. वास्तविक तो पाकिटातला फरक असतो.

यावर उपाय नाहीत असे नाही. पहिला म्हणजे संशोधनाला तासावारी वेतन देणे. वर्क-स्टडीचा पैसा प्रयोगशाळेतील नेमणुकीसाठीही वापरता येतो आणि काही विद्यापीठे तो तसा वापरतात. दुसरा म्हणजे संशोधन अभ्यासक्रमातच आणणे. ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठाने 2005 साली पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी असा उपक्रम सुरू केला. विद्यार्थी नेहमीच्या प्रात्यक्षिकाऐवजी खऱ्या संशोधनगटात काम करतो आणि त्याचे श्रेयांक मिळवतो. त्यासाठी ओळख लागत नाही, जादा तासही लागत नाहीत. तिसरा मार्ग विद्यार्थ्यांनी स्वतः धरला. आयोवातील ग्रिनेल कॉलेजच्या भोजनगृहातील विद्यार्थ्यांनी 2016 मध्ये संघटना बांधली. 2024 मध्ये कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थी साहाय्यकांनी संघटनेच्या बाजूने मतदान केले. तासाचा दर वाढला तर तेवढ्याच कमाईला कमी तास लागतात आणि उरलेले तास शिकण्यासाठी मोकळे होतात.

आपल्या अंगणात

हा प्रश्न महाराष्ट्राला परका नाही. वार लावून जेवणारा आणि माधुकरी मागून शिकणारा विद्यार्थी आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिला. 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी त्या दानाच्या जागी श्रम आणले. साताऱ्यात 1947 मध्ये सुरू झालेले छत्रपती शिवाजी कॉलेज 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर उभे राहिले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची 'कमवा व शिका' योजना कर्मवीरांच्याच नावाने चालते. ग्रामीण भागातून आलेल्या कित्येकांचा मेसचा खर्च या योजनेने भागवला आहे.

दुसऱ्या बाजूला, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या आराखड्यानुसार चार वर्षांच्या पदवीत संशोधनासह ऑनर्सची सोय झाली आहे. पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुण असलेल्यांना ती खुली आहे. म्हणजे दोन्ही दरवाजे आता आपल्याकडेही आहेत. पण चौथ्या वर्षाचा खर्च कोण भरणार, आणि 'कमवा व शिका'तला विद्यार्थी बागेतच पाणी घालत राहणार की प्रयोगशाळेतही त्याच वेतनावर बसणार, हे प्रत्येक विद्यापीठाने ठरवायचे आहे. तासाचा मोबदला दोन्हीकडे सारखा ठेवला, तर अमेरिकेला साठ वर्षे पुरलेला हा पेच आपल्याला सुरुवातीलाच टाळता येईल.

परदेशी निघालेल्यांनी तोवर एवढे करावे. प्रवेश स्वीकारण्यापूर्वी विद्यापीठाला दोन प्रश्न विचारावेत : परदेशी पदवी विद्यार्थ्याला आवारात काम मिळायला साधारण किती अवधी लागतो, आणि त्याला संशोधनाचा मोबदला कोणत्या निधीतून मिळू शकतो? पहिल्याचे उत्तर बहुतेक विद्यापीठे तत्परतेने देतील. निवड करताना दुसऱ्याच्या उत्तराला अधिक वजन द्यावे.