कौलारू घराचा माळा राहता करताना

कोकणातल्या कौलारू घराचा माळा नारळ, गोणी, जुनी भांडी ठेवायला बांधलेला असतो. तिथे माणूस राहायचा असेल तर आधी टेप काढायची.

समजा, घर वीस फूट रुंद, छपराचा उतार तीस अंश आणि माळ्याच्या जमिनीपासून भिंत दोन फूट वर गेलेली. मग आढ्याखाली उंची साधारण पावणेआठ फूट मिळते. पाच फुटांपेक्षा जास्त उंचीचा पट्टा मात्र मधोमध साडेनऊ फुटांचाच. वावर तेवढ्यात, पलंगाचं डोकं उताराकडे आणि कडेच्या बुटक्या जागेत कपाटं. माप वाशांच्या खालून घ्यावं, नाहीतर हिशेब चुकतो.

आता लाकूड. वासे छपराच्या भाराने भिंतींना बाहेर रेटत असतात आणि आडवी तुळई दोन्ही बाजूंना धरून ठेवते. डोक्याला लागते म्हणून ती कापायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. भिंती फाकतात आणि आढं बसतं. स्क्रूड्रायव्हर घेऊन प्रत्येक तुळईचं टोक तपासा. भिंतीत गेलेल्या टोकाशीच ओल मुरते आणि वाळवीही तिथूनच चढते. हातोडीने ठोकल्यावर पोकळ वाजलं किंवा पातं सहज आत घुसलं, तर आधी ते लाकूड बदला. राहत्या खोलीसाठी दर चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो भार धरतात. जुन्या कड्या तेवढं पेलतील का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवूनच ठरवावं. बहुतेकदा कड्यांना बाजूने नवं लाकूड जोडलं की भागतं.

खरा त्रास उन्हाचा. कौलं दुपारी तापतात आणि ती धग थेट अंगावर येते. वाशांच्या खालून फळ्यांचं छत मारा, पण कौलं आणि फळ्या यांच्यामधली पोकळी बुजवू नका. वळचणीकडून हवा आत येऊन आढ्याजवळून बाहेर पडली पाहिजे. दोन्ही तोंडांना जाळी लावा. पोकळीत, चकचकीत बाजू हवेकडे ठेवून, फॉइल लावलं तर आणखी फरक पडतो. उजेडाला काचेची दोन-तीन कौलं पुरतात. त्यांच्याखाली छतात तेवढीच जागा उघडी ठेवा. पश्चिमेच्या पाख्यावर ती नकोत.

जिन्याला जागा लागते, ती सोडूनच खोलीचा नकाशा काढा.

कौलं उतरवायचं काम दिवाळीनंतर काढा आणि मे महिन्याच्या मध्यापर्यंत छप्पर पुन्हा बंद करा.