आर्डुइनो, ईएसपी३२ की पिको? पहिला बोर्ड घेण्याआधी हे वाचा

गच्चीवरची टाकी भरली की मोबाइलवर मेसेज यावा, एवढंच तुम्हाला हवंय. पण ऑनलाइन शोधायला बसलात की दहा बोर्ड समोर येतात आणि घोळ सुरू होतो. खरं तर निम्मी निवड एकाच प्रश्नावर ठरते: वाय-फाय लागणार आहे का?

लागणार नसेल, दिवे, बझर, सेन्सर यांवरच हात बसवायचा असेल, तर आर्डुइनो उनो आजही उत्तम. २००५ मध्ये इटलीतल्या इव्रिया इथे विद्यार्थ्यांसाठीच आर्डुइनोची सुरुवात झाली. उनो आर३ ची रॅम फक्त २ केबी, वेग १६ मेगाहर्ट्‌झ. आकडे केविलवाणे वाटतील, पण शिकायला पुरतात. सॉकेटमध्ये बसवलेली लांबट चिप असलेला उनो घेतलात, तर चिप जळल्यावर तेवढीच बदलता येते.

टाकीच्या मेसेजसाठी मात्र ईएसपी३२ घ्या. वाय-फाय आणि ब्लूटूथ आतच, रॅम ५२० केबी. प्रोग्रामही आर्डुइनोच्याच सॉफ्टवेअरमधून चढवता येतो.

पायथॉन येत असेल तर २०२१ मध्ये आलेला रास्पबेरी पाय पिको पाहा. त्यावर मायक्रोपायथॉन छान चालतं. मात्र साध्या पिकोत वाय-फाय नाही, त्यासाठी ‘पिको डब्ल्यू’ हवा. पिना आधीच जोडलेल्या आहेत का, तेही बघा. नाहीतर पहिल्याच दिवशी सोल्डरिंग शिकावं लागेल.

आता खरी गोम. उनो ५ व्होल्टवर चालतो, ईएसपी३२ आणि पिकोच्या पिना ३.३ व्होल्टच्या. अंतर मोजणारा स्वस्त एचसी-एसआर०४ सेन्सर त्याच्या ‘इको’ पिनमधून ५ व्होल्ट सोडतो. कॉलेजात असताना मी तो थेट ईएसपी३२ ला जोडला होता. काही दिवस चालला, मग ती पिन कायमची गेली. उपाय दोन रेझिस्टरचा: इको आणि बोर्डची पिन यांच्यामध्ये १ किलोओहम, त्याच पिनपासून ग्राउंडपर्यंत २ किलोओहम. ५ चे साधारण ३.३ होतात. (टाकीत वाफ धरते, म्हणून तिथे जलरोधक सेन्सरच लावा.)

आणि बोर्ड लॅपटॉपला दिसतच नसेल, तर दुकानदाराशी भांडण्याआधी केबल बदला. काही केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यांत डेटाच्या तारा नसतात. केबल ठीक असेल, तर स्वस्त क्लोनवर बहुधा सीएच३४० चिप असते. तिचा ड्रायव्हर टाकून पाहा.