छत शहराचे, संघ मालकाचा

फुटबॉल हा मोकळ्या आभाळाखालचा खेळ. पाऊस कोसळो, चिखल होवो की बोचरे वारे सुटोत, ठरलेला सामना ठरल्या वेळी व्हायचाच, असा या खेळाचा जुना बाणा आहे. असे असता अमेरिकेतील काही शहरांनी कोट्यवधी डॉलर खर्चून या खेळावर छत का घातले, आणि छत घातल्यावर खेळाचे व शहराचे काय झाले, हा प्रश्न केवळ क्रीडाप्रेमींच्या कुतूहलाचा नाही. सार्वजनिक पैशाने काय बांधावे आणि बांधलेल्या वास्तूचा लाभ कोणी घ्यावा, या मोठ्या प्रश्नाशी तो जोडलेला आहे.

येथे फुटबॉल या शब्दाचा थोडा खुलासा करणे अवश्य आहे. कोलकात्याच्या किंवा गोव्याच्या मैदानावर जो फुटबॉल खेळला जातो, तो हा नव्हे. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू लांबट असतो आणि तो पायापेक्षा हातानेच अधिक हाताळला जातो. अकरा खेळाडूंचा संघ चेंडू उराशी धरून धावतो किंवा दूरच्या साथीदाराकडे फेकतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकता आले, तर चेंडू त्याच संघाकडे राहतो. प्रत्येक प्रयत्नापूर्वी क्षणभर सारे स्तब्ध होतात, आघाडीचा सूत्रधार इशारा देतो आणि मग झुंबड उडते. हा इशारा साथीदारांना ऐकू येणे किती महत्त्वाचे आहे, ते पुढे दिसेल.

घुमटाखालच्या क्रीडांगणाची कथा सुरू होते ती टेक्सास राज्यातील ह्यूस्टन या शहरात, आणि तीही बेसबॉलच्या निमित्ताने. ह्यूस्टनचा उन्हाळा दमट व असह्य. त्यात डासांचा उपद्रव. अशा हवेत उघड्यावर बसून सामने पाहण्यास लोक किती दिवस येतील, ही शंका रास्त होती. शहराचे माजी महापौर रॉय हॉफहाइन्झ यांनी त्यावर उपाय सुचविला : संपूर्ण मैदानच छताखाली घ्यावे आणि आतील हवा थंड ठेवावी. हॅरिस काउंटी, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा जो स्थानिक शासनाचा घटक, त्याने कर्जरोखे काढून पैसा उभारावयाचा होता. त्यासाठी मतदारांचा कौल घ्यावा लागला. ह्यूस्टनमध्ये त्या काळी वर्णभेद पाळला जात होता. क्वेंटिन मीझ यांच्यासारख्या कृष्णवर्णीय पुढाऱ्यांनी योजनेला पाठिंबा दिला तो एका अटीवर : नव्या क्रीडांगणात पहिल्या दिवसापासून कोणताही वर्णभेद असता कामा नये. ती अट मान्य झाली आणि १९६१ मध्ये मतदारांनी योजनेला संमती दिली. या वास्तूच्या पायात नागरिकांचा केवळ पैसा नव्हे, तर न्यायाची एक मागणीही घातली गेली होती, हे विसरता येत नाही.

९ एप्रिल १९६५ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या उपस्थितीत तेथे पहिला बेसबॉल सामना झाला. अंतराळवीरांचे शहर म्हणून ह्यूस्टनची नवी ख्याती होत होती. त्यावरून वास्तूला ॲस्ट्रोडोम हे नाव मिळाले. मधे एकही खांब नसलेल्या या घुमटाचा आतील व्यास ६४२ फूट आणि मैदानापासूनची उंची २०८ फूट. विजापूरच्या गोलघुमटाचा आतील व्यास सुमारे १२४ फूट आहे. तसे पाच घुमट एका ओळीत मांडले, तरी या छताखाली जागा उरेल, इतके सांगितले म्हणजे आकाराची कल्पना यावी. जगातील आठवे आश्चर्य, अशी तिची जाहिरात होऊ लागली.

परंतु निसर्गाला बाहेर ठेवणे वाटले तितके सोपे नव्हते. आतील गवत जगावे म्हणून छताला साडेचार हजारांहून अधिक पारदर्शक तावदाने बसविली होती. दिवसा त्यांतून येणारे ऊन आणि पोलादी सांगाड्याच्या सावल्या यांच्या जाळ्यात उंच उडालेला चेंडू खेळाडूंना दिसेनासा झाला. म्हणून तावदाने रंगविण्यात आली. चेंडू दिसू लागला, पण प्रकाशावाचून गवत मेले. मग काही काळ वाळलेल्या गवतालाच हिरवा रंग देऊन वेळ निभावून नेण्यात आली. १९६६ मध्ये मोन्सँटो या रासायनिक उद्योगाने बनविलेले नायलॉनचे कृत्रिम गवत तेथे अंथरले गेले, आणि वास्तूच्या नावावरूनच त्याला ॲस्ट्रोटर्फ हे नाव पडले. एक अडचण दूर करावी, तर तिच्यातून दुसरी उद्भवावी, असा हा क्रम होता. आज जगभरच्या मैदानांवर दिसणारे कृत्रिम गवत प्रसिद्धीस आले, ते असे एका छताच्या पोटी.

ह्यूस्टन ऑइलर्स हा शहराचा धंदेवाईक फुटबॉल संघ १९६० पासून खेळत होता. तेलाच्या व्यवसायात धनवान झालेले बड ॲडम्स हे त्याचे मालक. १९६५ मध्ये घुमट तयार होऊनही ऑइलर्स तेथे आले नाहीत. भाड्याच्या अटींवर मतभेद झाले आणि संघ तीन वर्षे एका विद्यापीठाच्या उघड्या मैदानावर खेळत राहिला. १९६८ मध्ये करार जुळला आणि धंदेवाईक फुटबॉल प्रथमच नियमितपणे छताखाली आला. बेसबॉलचे मैदान पंख्यासारखे पसरलेले, तर फुटबॉलचे १२० यार्ड लांब आणि सुमारे ५३ यार्ड रुंद असे आयताकृती. दोहोंची सोय व्हावी म्हणून खालच्या थरातील आसने रुळांवर बसविलेली होती. ती सरकवून मैदानाचा आकार बदलता येई.

छताने खेळाचा स्वभावही बदलला. वारा नाही, पाऊस नाही, पाय रुतत नाही. त्यामुळे धावणाऱ्याची गती आणि फेकणाऱ्याची अचूकता वाढली. त्याचबरोबर पातळ गालिचाखालची कठीण जमीन पडणाऱ्याच्या गुडघ्यांना व खांद्यांना जाणवू लागली. सर्वांत मोठा फरक आवाजाचा. मोकळ्या मैदानावर जो गलका आभाळात विरून जातो, तो घुमटाखाली परतून मैदानावर येतो. पाहुण्या संघाच्या सूत्रधाराचा इशारा साथीदारांना ऐकू येईना, आणि त्याला हातवाऱ्यांचा आश्रय घ्यावा लागे. एका अर्थाने प्रेक्षकच बारावा खेळाडू बनला.

याची परिसीमा २० नोव्हेंबर १९७८ च्या रात्री झाली. मायामीच्या संघाशी झालेला तो सामना दूरचित्रवाणीवरून देशभर दाखविला गेला. हजारो प्रेक्षकांच्या हातांत निळे-पांढरे झुबके होते. अर्ल कॅम्बेल या नवोदित खेळाडूने १९९ यार्ड धाव घेतली. त्यातील शेवटची दौड ८१ यार्डांची होती. ऑइलर्सनी ३५-३० असा विजय मिळविला. त्या काळचे प्रशिक्षक बम फिलिप्स यांची रुंद काठाची टेक्सासी टोपी प्रसिद्ध होती; परंतु ॲस्ट्रोडोममध्ये ते ती डोक्यावर ठेवीत नसत. घरात टोपी घालू नये, ही आईची शिकवण, असे कारण ते सांगत. घुमटाखालचे मैदान ह्यूस्टनकरांना आपले घर वाटू लागले होते, याची ही बोलकी खूण होय.

मात्र त्या घराची मालकी विभागलेली होती. वास्तू जिल्ह्याची आणि संघ एका व्यक्तीचा. १९८७ मध्ये ॲडम्स यांनी संघ फ्लॉरिडातील जॅक्सनव्हिल येथे नेण्याची भाषा केली. अधिक आसने हवीत, ही त्यांची मागणी. जिल्ह्याने सुमारे ६ कोटी ७० लाख डॉलर खर्चून दहा हजारांच्या आसपास आसने वाढविली. त्यासाठी ४७४ फूट लांबीचा, दिव्यांच्या आतषबाजीने प्रेक्षकांना मोहविणारा धावफलक पाडण्यात आला. एवढे करून दहा वर्षेही सरली नाहीत, तोच नव्या क्रीडांगणाची मागणी पुढे आली. १९९५ च्या ऑगस्टमध्ये गालिचाचे सांधे नीट न बसल्यामुळे एक सराव-सामना रद्द करावा लागला, ही नामुष्की त्यात भर घालून गेली. महापौर बॉब लॅनियर यांनी नव्या क्रीडांगणासाठी सार्वजनिक पैसा देण्यास नकार दिला. संघ टेनेसी राज्यात जाणार, हे ठरले. १५ डिसेंबर १९९६ रोजी ॲस्ट्रोडोममधील ऑइलर्सचा अखेरचा सामना झाला, तेव्हा जेमतेम पंधरा हजार प्रेक्षक हजर होते. सामना ते हरले. आवाजाने पाहुण्यांना हैराण करणारा घुमट त्या दिवशी जवळजवळ मुका होता.

असे का घडते, हे समजण्यास संघटनेची रचना पाहावी लागते. नॅशनल फुटबॉल लीग ही संघमालकांची संघटना. संघांची संख्या मर्यादित, आज ती ३२ आहे. संघ हवा असणारी शहरे मात्र त्याहून अधिक. दूरचित्रवाणीचे उत्पन्न सर्व संघांत सारखे वाटले जाते. परंतु धनिकांसाठी राखलेल्या आलिशान कक्षांचे उत्पन्न प्रामुख्याने यजमान संघाकडे राहते. म्हणून मालकाला केवळ मोठे नव्हे, तर अशा कक्षांनी भरलेले नवे क्रीडांगण हवे असते. शहर ते देत नसेल, तर देणारे दुसरे शहर सापडते. टंचाईच्या बाजारात विक्रेत्याचा शब्द चालतो, त्यातलाच हा प्रकार.

इतर शहरांचा अनुभव हेच सांगतो. इंडियानापोलिसने संघ हाती नसतानाच घुमट बांधावयास घेतला, आणि १९८४ च्या मार्चमध्ये बाल्टिमोरचा संघ एका रात्रीत सामानाच्या गाड्या भरून तेथे आला. एका शहराचा आनंद तो दुसऱ्या शहराचा शोक ठरला. सॅन अँटोनियोने याच आशेने १९९३ मध्ये अलामोडोम उभारला. त्याला कायमचा संघ लाभला नाही. सेंट लुइसने १९९५ मध्ये घुमटाच्या बळावर लॉस एंजेलिसचा संघ मिळविला. परंतु क्रीडांगण सदैव देशातील पहिल्या पाव भागात गणले जाईल असे राखावे, अशी अट करारात होती. ती पाळता आली नाही आणि २०१६ मध्ये संघ लॉस एंजेलिसला परतला. कर्जाचे हप्ते मात्र मागेच राहिले.

तर मग या घुमटांपासून शहरांना काहीच मिळाले नाही काय? २००५ सालाचे उत्तर वेगळे आहे. २९ ऑगस्ट रोजी कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स शहर बुडविले, तेव्हा तेथील सुपरडोममध्ये हजारो निराधार लोकांनी आसरा घेतला. छताचे आवरण उडाले, वीज गेली आणि आतील हाल अवर्णनीय झाले. तेथून हजारो लोकांना मोटारींनी ह्यूस्टनला नेण्यात आले, ते ॲस्ट्रोडोममध्ये. ज्या मैदानावर सामने व्हायचे, तेथे खाटांच्या रांगा लागल्या. सुपरडोमच्या संघाने त्या वर्षी परगावी सामने खेळले. त्यांतील तीन सॅन अँटोनियोच्या अलामोडोममध्ये झाले. २५ सप्टेंबर २००६ रोजी दुरुस्त सुपरडोममध्ये संघ परतला आणि त्याने अटलांटाला २३-३ असे हरविले. घरे अजून उभी राहिली नव्हती, शाळा बंद होत्या, तेव्हा क्रीडांगणावर खर्च का, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो गैर नव्हता. तथापि आपले शहर पुन्हा जगेल, हा भरवसा त्या रात्री अनेकांना वाटला, हेही खरे.

ॲस्ट्रोडोम पुढे ओसाड पडला. शेजारीच २००२ मध्ये उघडझाप करणाऱ्या छताचे नवे क्रीडांगण उभे राहिले आणि शहराला नवा संघ मिळाला. जुन्या घुमटाच्या नूतनीकरणासाठी २१ कोटी ७० लाख डॉलरची योजना २०१३ मध्ये मतदारांनी फेटाळली. पुढच्याच वर्षी ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत त्याचे नाव दाखल झाले. ह्यूस्टनचा संघ ज्या नॅशव्हिलला गेला, तेथे १९९९ मध्ये त्याला उघडे मैदान मिळाले होते. आता तेथेही छताच्या नव्या क्रीडांगणाचे काम २०२४ मध्ये सुरू झाले असून त्यात सार्वजनिक वाटा सुमारे १२६ कोटी डॉलरचा आहे.

याच संघटनेत एक अपवाद आहे. विस्कॉन्सिन राज्यातील ग्रीन बे हे सुमारे एक लाख वस्तीचे गाव. तेथील पॅकर्स संघ १९२३ पासून सामान्य भागधारकांच्या मालकीचा आहे. या भागांवर लाभांश मिळत नाही आणि संघ विकून कोणालाही नफा घेता येत नाही. १९६७ च्या ३१ डिसेंबरला तेथे शून्याखाली पंचवीस अंश सेल्सिअस थंडीत अजिंक्यपदाचा सामना झाला आणि लोक कांबळी पांघरून बसून राहिले. त्या मैदानावर आजही छत नाही आणि संघ कोठे जाईल, ही धास्तीही नाही. ह्यूस्टनने उन्हापावसावर मात केली, पण मालकाच्या मर्जीवर त्याला इलाज सापडला नाही. ग्रीन बेने थंडी सोसली आणि संघ राखला. सार्वजनिक पैसा खर्च करण्यापूर्वी काय बांधावे, हा प्रश्न सर्वत्र विचारला जातो. बांधून झाल्यावर आपल्या हाती नेमके काय राहणार, हा प्रश्न त्याच्याही आधी विचारावयाचा असतो.