फिलाडेल्फियाची मुकी घंटा

जगांतील बहुतेक राष्ट्रें आपल्या वैभवाचीं चिन्हें अभंग राहावींत म्हणून जपतात. अमेरिकेंतील फिलाडेल्फिया नगरांत मात्र देशोदेशींचे प्रवासी ज्या वस्तूच्या दर्शनासाठीं रांगा लावतात, ती तडा गेलेली एक घंटा आहे. ती आज वाजत नाहीं. तरीहि ह्या नगराचा इतिहास समजून घ्यावयाचा तर तिच्यापाशींच यावें लागतें. येथील बहुतेक स्थळांना एक उजळ बाजू आहे आणि एक दीर्घकाळ झांकलेली बाजू आहे. दोन्ही पाहिल्या तरच नगर पाहिलें असें म्हणतां येईल.

डेलावेअर आणि स्कूलकिल ह्या दोन नद्यांमधील भूमीवर १६८२ सालीं विल्यम पेन ह्यानें हें नगर वसविलें. पेन हा क्वेकर पंथाचा अनुयायी. धर्ममतापायीं त्यानें इंग्लंडांत तुरुंगवास भोगला होता. म्हणून आपल्या वसाहतींत प्रत्येकास स्वतःच्या श्रद्धेप्रमाणें उपासना करण्याची मोकळीक असावी, असा त्याचा संकल्प होता. एकमेकांस काटकोनांत छेदणारे सरळ रस्ते आणि त्यांमध्यें पांच चौक, ही त्याच्या वेळची आंखणी आजहि ओळखूं येते. मधल्या चौकांत आतां नगरभवन उभें असून त्याच्या मनोऱ्यावर पेनचा ३७ फूट उंचीचा ब्राँझचा पुतळा आहे.

नगराच्या जुन्या भागांत लाल विटांची एक साधी, प्रमाणबद्ध इमारत आहे. तिला ‘इंडिपेंडन्स हॉल’ म्हणतात. तिचें बांधकाम १७३२ सालीं प्रांतिक विधिमंडळासाठीं सुरू झालें. ह्याच इमारतीच्या एका दालनांत ४ जुलै १७७६ रोजीं स्वातंत्र्याचा जाहीरनामा संमत झाला आणि त्याच दालनांत १७८७ सालीं संयुक्त संस्थानांची राज्यघटना सिद्ध झाली. तथापि राजधानी अन्यत्र गेल्यावर ह्या वास्तूचें महत्त्व लोक विसरूं लागले. राज्य सरकारनें त्या जागेचे तुकडे पाडून ते विकण्याचा बेत केला. तेव्हां १८१६ सालीं नगराच्या कारभाऱ्यांनीं ७०,००० डॉलर मोजण्याचें ठरविलें, म्हणूनच ती वांचली. १९७९ सालीं युनेस्कोनें तिचा जागतिक वारशांत समावेश केला.

ह्या इमारतीसाठीं १७५१ सालीं लंडनच्या व्हाइटचॅपल येथील ओतशाळेकडून घंटा मागविण्यांत आली. पुढच्या वर्षीं ती आली आणि परीक्षेच्या वेळींच तिला तडा गेला. जॉन पास आणि जॉन स्टो ह्या स्थानिक कारागिरांनीं ती वितळवून दोनदां नव्यानें ओतली. तिचें वजन सुमारें २,०८० पौंड आहे. देशांतील सर्व रहिवाशांमध्यें स्वातंत्र्याची द्वाही फिरवा, अशा आशयाचें बायबलांतील वचन तिच्यावर उमटविलेलें आहे. ४ जुलैला हीच घंटा घणघणली, ही समजूत लोकप्रिय असली तरी तिला पुरावा नाहीं. ती पुढील शतकांतील एका कल्पित कथेंतून पसरली. ‘स्वातंत्र्याची घंटा’ हें नांवहि राज्यक्रांतीच्या काळांतलें नव्हे. तें रूढ केलें १८३० नंतर, गुलामगिरीच्या विरोधकांनीं. घंटेवर ‘सर्व रहिवासी’ असे शब्द असतां लक्षावधि आफ्रिकी वंशाचे स्त्रीपुरुष दास्यांत कां, हा त्यांचा सवाल होता.

आज दिसणारी रुंद फट ही तड्याची मूळची रुंदी नव्हे. कडा एकमेकींवर घासूं नयेत म्हणून कारागिरांनीं ती मुद्दाम वाढविली. १८४६ सालीं वॉशिंग्टनच्या जयंतीनिमित्त घंटा वाजवीत असतां आणखी एक बारीक तडा वर चढत गेला आणि ती कायमची मुकी झाली.

घंटेच्या सध्यांच्या दालनाला लागूनच एका घराची जागा आहे. फिलाडेल्फिया राजधानी असतां, १७९० ते १७९७ ह्या काळांत, राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन तेथें राहत असत. त्या घरांत त्यांचे नऊ गुलाम राबले. पेनसिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्याप्रमाणें, परप्रांतीय मालकाचा गुलाम येथें सहा महिन्यांहून अधिक राहिल्यास त्यास मुक्तता मागतां येई. ती मुदत भरूं नये म्हणून वॉशिंग्टन आपल्या गुलामांना मधूनमधून प्रांताबाहेर पाठवीत. मे १७९६ मध्यें मंडळी जेवत असतां ओनी जज नांवाची तरुण दासी घरांतून निसटली आणि न्यू हॅम्पशायरमध्यें जाऊन राहिली. तिला परत आणण्याचे प्रयत्न झाले. ती परतली नाहीं. १८४८ सालीं ती मरण पावली तेव्हां कायद्याच्या लेखीं ती गुलामच होती. घर पुढें पाडलें गेलें. २००७ सालीं त्या जागेचें उत्खनन झालें, आणि नागरिकांच्या आग्रहामुळें २०१० सालीं तेथें त्या नऊ जणांच्या नांवांसह स्मारक उभें राहिलें.

बेंजामिन फ्रँकलिनची समाधि येथून जवळच आहे. लोक तिच्यावर एक एक सेंटचें नाणें टाकून जातात. १७३१ सालचें वर्गणीचें ग्रंथालय आणि १७५१ सालचें रुग्णालय ह्यांच्या स्थापनेंत त्याचा पुढाकार होता. त्यानेंहि एके काळीं गुलाम बाळगले. परंतु उतारवयांत तो गुलामगिरीविरोधी मंडळाचा अध्यक्ष झाला. दक्षिणेस थोड्या अंतरावर ‘मदर बेथेल’ हें प्रार्थनामंदिर आहे. गुलामगिरींत जन्मलेल्या आणि स्वतःची किंमत मोजून मुक्त झालेल्या रिचर्ड ॲलन ह्यानें १७९४ सालीं तें स्थापिलें.

महाराष्ट्राचाहि ह्या नगराशीं ऋणानुबंध आहे. स्त्रियांसाठीं १८५० सालीं येथें स्थापन झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयांत आनंदीबाई जोशी १८८३ सालीं दाखल झाल्या आणि ११ मार्च १८८६ रोजीं त्यांना पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. ज्या काळीं बहुतेक विद्यापीठांचीं द्वारें स्त्रियांना बंद होतीं, त्या काळीं ‘सर्व’ ह्या शब्दाची कक्षा ह्या संस्थेनें थोडी रुंदावली.

हीं जुन्या भागांतील स्थळें एका दिवसांत पायीं पाहून होतात. इंडिपेंडन्स हॉल पाहून प्रवाशानें घंटेकडे यावें, आणि तेथूनच परत न फिरतां शेजारच्या त्या घराच्या जागेपाशीं थोडें थांबावें. सभागृहांत स्वातंत्र्याचें वचन लिहिलें गेलें. त्याची फेड मात्र ओनी जजसारख्यांना स्वतःच्या पायांनीं मिळवावी लागली.